कौल कोणी लावला

१

तुम्ही भरवसा कोणावर ठेवता? देवाच्या तसबिरीवर हात ठेवून बोलणाऱ्यावर, की देव-बिव काही नसतो म्हणणाऱ्यावर? घाई करू नका. कर्जतच्या बाजारात तांदूळ विकता विकता माझे केस पिकले, आणि मला अजून हे ठरवता आलेलं नाही.

जैतू नावाचा एक दलाल आमच्याकडे यायचा. गळ्यात माळ, कपाळाला अष्टगंध, वाक्यागणिक देवीची आण. त्याच्या पोत्यात मनगटापर्यंत हात घातला तर अख्खा कोलम, कोपरापर्यंत घातला तर कणी. आणि खालापूरचे एक मास्तर होते. बायकोनं गणपती बसवला की हे गॅलरीत जाऊन पेपर वाचणार. ते एकदा भर उन्हात एस.टी.नं परत आले, कारण साध्या तांदळाऐवजी माझ्या हातून त्यांना आंबेमोहर बांधला गेला होता. म्हणाले, "रोहिदासशेठ, शिजल्यावर वास आला तेव्हा कळलं. शिजवलेला परत करता येत नाही, उरलेला आणलाय."

यावरून मी धडा काढला, की नास्तिकाचं माप खरं. हा धडा गिऱ्हाइकांना बरीच वर्षं ऐकवला. मग त्याच मास्तरांचा सख्खा भाऊ, तोही नास्तिक, मला आतून कुजलेलं पोत्यांचं बारदान विकून गेला आणि धडा मोडला.

माझं शिक्षण सातवी. पुढचं सगळं पुड्या बांधायच्या रद्दीतून. देव आहे की नाही या विषयावरचे अर्धे लेख मी वाचलेले आहेत. उरलेला अर्धा नेहमी कोणाच्या तरी साबुदाण्याबरोबर गेलेला असायचा. त्यामुळे माझंही मत अर्ध्यावरच राहिलं. गिऱ्हाईक दिसत नाही म्हणून मी दुकान बंद ठेवत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्यासाठी माल बांधूनही ठेवत नाही. कापूर, नारळ, उदबत्ती दुकानात आहे. श्रद्धेची चेष्टा करणारी पुस्तकं वाचणारेही माझ्याकडूनच पोहे नेतात. दोन्हीकडून नमस्कार येतो.

दुपारी जेवण झालं की शटर अर्ध्यावर ओढायचं, पोत्यांच्या थप्पीला पाठ टेकवायची आणि बसल्या बसल्या डोळा लावायचा, हा माझा नेम. आडवा होत नाही. आडवा झालेला वाणी गिऱ्हाइकाला बरा दिसत नाही. जे झालं ते या नेमातच झालं. पण त्याआधी सुंदराचं सांगायला हवं.

२

सुंदरा माझी बायको. भाद्रपदात तिच्या पोटात दुखायला लागलं. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून गाठ दाखवली. बाई स्पष्ट बोलणारी. म्हणाली, "आत्ता गाठ सुटी आहे. दिवाळीच्या आत काढली तर निघेल. पुढं ती आतड्याला धरून बसली तर मी शब्द देणार नाही." आणि दिवाळीच्या आधीच्या सोमवारची तारीख देऊन टाकली.

घरी, म्हणजे भिसेगावात, सुंदरा गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. शेंग मोडता मोडताच म्हणाली, "देवीला इचारल्याबिगर मी अंगाला सुरी लावून घेनार नाय."

आमचा मुलगा ऋषिकेश खालापूरच्या बाजूला एका कंपनीत आहे. तो नुकताच ड्यूटीवरून आला होता. "आई, देवीनं डॉक्टरकी कुठून केली गं?"

"आनि तुझी डॉक्टरीन? तिच्या टेबलावर गनपती हाय. मी बगितला."

"तो औषध कंपनीवाले फुकट वाटतात."

"फुकटचा का असंना. ठेवलाय ना तिनं."

यावर माझ्याकडे बघून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बोला काहीतरी."

मी काय बोलणार? सुंदराची थोरली बहीण देवीला न विचारता ऑपरेशनला गेली होती आणि टेबलावरून उठली नव्हती. हे कारण खरं की खोटं, तो वाद रद्दीच्या उरलेल्या अर्ध्यातला. पण सुंदरानं बहिणीचे पाय धरून रडताना जे ठरवलं होतं ते ठरवलं होतं.

"कौल घेऊ," मी म्हणालो. "उजवा पडला की थेट पनवेल."

"आणि डावा पडला तर?" ऋषिकेश.

"तर नाय," सुंदरा म्हणाली, आणि शेंगा पातेल्यात घालून आत गेली.

३

आमची गावदेवी पळसदरीच्या धरणाच्या अंगाला आहे. चार भिंती, वर पत्रा, आत माणसाच्या छातीइतका उंच शेंदरी दगड. त्याला डोळे नाहीत, तोंड नाही, फक्त दोन्ही बाजूंना खांद्यांसारखा उतार. कौल मागायची आमच्याकडची रीत अशी: मागणाऱ्यानं दोन मुठींत तांदूळ न्यायचे. उजव्या मुठीतला एक दाणा गुरव ओला करून देवीच्या उजव्या खांद्याला लावतो, डाव्या मुठीतला डाव्या. प्रश्न मनात विचारायचा. खाली पितळी ताट असतं. ज्या बाजूचा दाणा आधी पडेल ते उत्तर. पडला की टिक असा आवाज येतो. राहिलेला दाणा मग गुरव आपल्या हातानं काढतो, आणि दाणा पडल्याशिवाय तिथं दुसरा कौल लागत नाही.

आता मी तांदळाचा व्यापारी. नव्या तांदळाला ओल लागली की पीठ सुटतं, तो चिकट्यासारखा धरतो. जुना कोलम कोरडा ठणठणीत. ओला करून लावला तरी दगडावर किती वेळ टिकणार? दसऱ्याला हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं, भात निघालं होतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडून पसाभर नवा तांदूळ मागून घेतला. दिसायला दोन्ही सारखे. फरक कळायला माझ्यासारखा दाताखाली धरणारा हवा. सुंदराच्या उजव्या मुठीत दोन वर्षांचा जुना दिला, डाव्या मुठीत नवा. देव असेल तर तो मालाचा गुण बदलणार नाही आणि नसेल तर प्रश्नच नाही, असा माझा विचार होता. बायकोचा जीव वाचत असेल तर मी उद्याही हेच करीन.

कान्हा गुरवानं दाणे ताम्हनात बुडवले आणि अंगठ्यानं दाबून लावले. सुंदरानं डोळे मिटले. ऋषिकेश दाराशी चपला घालूनच उभा होता.

आम्ही बसलो. पत्रा तापून तडतडत होता. बाहेर कोणीतरी धरणावर गाणी लावली होती. ती बंद झाली. दुपार कलली. ताट रिकामंच.

"काय रं कान्हा, तुझी देवी जेवून झोपली काय?" मी हळूच म्हणालो.

"शेठ, तुमच्या दुकानावानी हाय तिचं. दुपारचं शटर अर्धं." तो हसला, पण दगडाकडे बघताना त्याचं हसू उतरलं.

सूर्य डोंगराआड गेला तरी दोन्ही दाणे जागेवर होते. नवा राहिला यात नवल नव्हतं. पण तो जुना कोलम राहिला कसा, हे मला कळेना.

४

दुसऱ्या दिवशी कान्हाचा फोन, दाणे तसेच. त्यानंतरही तसेच. शेवटी मी स्कूटर काढून एकटाच गेलो. आश्विनातलं ऊन काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. अंगणात टाकलेला पापड घटकेत कडक होतो. देवळात शिरलो, जवळ जाऊन वाकलो आणि उजव्या दाण्याला बोटाचं टोक लावलं.

दाणा ओला होता.

दमट म्हणत नाही मी. ओला. बोटाला पाणी लागलं. मी कान्हाकडे बघितलं.

"तू पानी शिंपतोस काय रं?"

"आईच्यान नाय. मीबी काल बोट लावून बगितलं." तो दारातच थांबला होता. "शेठ, एक सांगू? कौल नाय पडला असं कवा कवा होतं. पन दाना सुकून तरी पडतो. ह्यो सुकत नाय."

संध्याकाळी ऋषिकेशला सांगितलं. त्यानं मोबाइलवर काहीतरी बघितलं. "धरण शेजारी आहे, बाबा. दगड खालून पाणी ओढतो. याला नाव आहे एक." नावही त्यानं सांगितलं. मला ते पटलं. मग माझ्या मनात आलं, दगड ओला असेल तर शेंदूर का सुटला नाही, आणि पुन्हा पटेनासं झालं. माझं सगळं असंच असतं. एका पारड्यात टाकलं की दुसरं हलतं.

सुंदरा रात्री दुखण्यानं कण्हायला लागली होती. मी म्हणालो, "अगं, नाही म्हणाली नाही ना देवी? मग चल की."

"व्हय बी म्हनाली नाय. ती इचार करतीय, करू द्या."

सोमवार जवळ येत होता.

५

एका दुपारी पोत्यांच्या थप्पीला टेकलो होतो. जाग आली तेव्हा सदऱ्याच्या दोन्ही खांद्यांवर गार लागलं. बघतो तर उजव्या खांद्याच्या उतारावर एक तांदळाचा दाणा आणि डाव्या उताराला एक.

तांदळाच्या दुकानात बसलेल्या माणसाच्या अंगावर तांदूळ, यात काय विशेष? कोळ्याच्या अंगावर खवले असतातच. मी दोन्ही झटकले. झटकताना मात्र वाटलं, उडून पडलेला दाणा कोरडा असतो. हे निघाले नाहीत, नखानं सोडवावे लागले. आणि त्यांच्याभोवती कापडावर अंगठ्याएवढा ओला डाग होता.

सवयीनं मी एक दाताखाली धरला. जुना कोलम. दुसरा धरला. मऊ, पिठूळ, नवा. दुकानात नवा तांदूळ अजून आलेलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्यानंतरच्या दिवशी दुकानात बसलोच नाही, घरी गेलो. खोलीचं दार लावून, सदरा काढून आरामखुर्चीत बसलो. जाग आली तेव्हा उघड्या खांद्यांवर दाणे, आणि कातडीवर ती गार जागा. दार आतून लावलेलंच होतं.

पहिला संशय अर्थातच घरच्यांवर. सून हर्षला दुपारी शिवणाच्या क्लासला जाते. सुंदराला उठवत नव्हतं. ऋषिकेश असली चेष्टा करणार नाही; आईच्या जिवाशी गाठ असताना तर नाहीच. दुसरा संशय स्वतःवर. माणूस झोपेत चालतो म्हणतात, तसा मीच उठून लावत असेन? पण मग नवा तांदूळ कुठून आणत होतो? ज्या पसाभरातून सुंदराची मूठ भरली होती, त्यातला उरलेला मी तिथंच देवळाबाहेर चिमण्यांना टाकला होता.

तुम्ही म्हणाल, न झोपता बसायचं. बसलो. दुकानातच. शटर अर्ध्यावर, डोळे मिटल्यासारखे, पापण्यांच्या फटीतून जमिनीवरचा उन्हाचा पट्टा दिसत होता. पंखा बंद केला होता, म्हणजे आवाज कळेल. शेजारच्या भांड्याच्या दुकानात कोणीतरी डब्यांची झाकणं लावत होतं. रिक्षावाला भिसेगाव, भिसेगाव ओरडत होता. मग हे सगळे आवाज एकेक करून लांब गेले. बंद झाले नाहीत. कोणीतरी मध्ये येऊन उभं राहिल्यावर जसे लांब जातात तसे.

उन्हाच्या पट्ट्यात सावली आली. शटरखालून वाकून गिऱ्हाईक येतं तेव्हा येते तशी. तेल आणि ओल्या दगडाचा वास आला. माझ्या उजव्या खांद्यावर थंड, ओला अंगठा टेकला आणि दाबला गेला. अगदी बेतानं. मग डाव्यावर.

मी डोळे उघडले असते. नाही उघडता आले असंही नाही. उघडायचे नाहीत असं मला वाटलं. फटीतून दिसलं ते सांगतो, जास्त सांगत नाही. समोर कोणीतरी उभं होतं, कमरेच्या वरचं उजेडात नव्हतं. त्याचे हात दिसले. ते जोडलेले होते.

आणि ते काहीतरी पुटपुटत होतं. शब्द नाही कळले. पण सूर ओळखीचा होता. पंचवीस-तीस वर्षं गिऱ्हाइकांचे सूर ऐकलेत मी. हा सूर भक्ताचा नव्हता. आमचा ऋषिकेश परीक्षेच्या सकाळी, कोणी बघत नाही असं बघून, देव्हाऱ्यापुढे हात जोडायचा ना, तेव्हाचा सूर होता. पटत नाही, पण विचारून बघायला काय हरकत आहे, असा.

६

मी पळसदरीला गेलो. कान्हा देवळामागं झाडू मारत होता. त्याला दाण्यांचं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, "दगडाला कळतं काय रं, त्याला काय इचारलंय ते?"

"त्याला कसं कळनार? आपन मनात इचारतो."

"मग तो उत्तर कसं देतो?"

कान्हानं झाडू टेकवला. "शेठ, आज दुकान बंद हाय काय? ह्ये तुमच्या रद्दीतलं बोलनं माझ्या डोक्यात नाय शिरत. दाना पडतो, आपन घेतो."

"आणि दगडानं मुद्दाम खांदा हलवला तर?"

"मंग त्यो दगड कसला? मानूसच की." तो हसत सुटला. मी हसलो नाही म्हणून थांबला. मग आपणहून म्हणाला, "माझा बाप म्हनायचा, देवी उत्तर देत नाय तवा तिलाच कायतरी पडलेलं असतं. कायतरी म्हंजे काय, त्ये त्यानं नाय सांगितलं. दारू प्यायचा तो."

आत जाऊन मी दगडासमोर उभा राहिलो. दोन्ही दाणे चमकत होते. मी हात जोडायला उचलले आणि तसेच ठेवून दिले. कोण कोणापुढं जोडतंय, हेच मला कळेना. आपण वर बघून विचारतो, आहेस का रे बाबा? मग तिकडूनही कोणी असंच इकडे बघून विचारत असेल तर? आणि मी रोज उठून दाणे झटकून टाकतोय. म्हणजे माझंही ताट रिकामंच. जे कोणी दाणे लावतंय ते माझ्या उत्तराला अडलंय, सुंदरा त्याच्या उत्तराला अडलीय. हे मनात आलं आणि लगेच हसू आलं. म्हातारा झालास रोहिदास, म्हणालो. पण हसू बाहेर येऊन त्या पत्र्याखाली विचित्र वाजलं, म्हणून लवकर निघालो.

७

सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी घरी आरामखुर्चीत बसलो. सदरा काढला. ठरवून बसलो. या वेळी झटकायचे नाहीत.

डोळे मिटले. अंगठा आला, टेकला, गेला. पुटपुटणं झालं. मग शांतता. मी डोळे उघडले तेव्हा खोलीत कोणी नव्हतं, आणि दारात भिंतीला धरून सुंदरा उभी होती. दार मी लावलं होतं की नव्हतं, हे आता मला खात्रीनं सांगता येत नाही.

तिनं माझा एक खांदा बघितला, मग दुसरा. मी म्हणणार होतो, अगं हे दुकानातलं आहे. तिनं बोट ओठावर ठेवलं.

ती माझ्यासमोर लादीवर बसली, तिला बसताना केवढं दुखलं ते मला दिसलं, आणि तिनं हात जोडले. सदतीस वर्षांच्या संसारात तिनं मला नवरा म्हणून नमस्कार केलेत, सणावाराला. हा तसा नव्हता. ती माझ्याकडे बघतच नव्हती. माझ्या खांद्यांकडे बघत होती.

आता माझी काय दशा झाली असेल, तुम्हीच बघा. तिचा प्रश्न मला माहीत होता. उजवा खांदा जरासा, फक्त जरासा उतरवला असता तर दाणा पडला असता आणि ती पनवेलला गेली असती. पण ते दाणे तिनं लावलेले नव्हते. ज्यानं लावले त्याचा प्रश्न मला ठाऊक नव्हता. उजवा म्हणजे हो. कशाला हो? कोणाला नेऊ का, म्हणून विचारलं असेल तर? येऊ का, म्हणून विचारलं असेल तर? आणि डावा पडू दिला तर माझ्यासमोर बसलेली ही बाई दिवाळीनंतर कोणाच्या हातची राहणार नव्हती.

मी दगडासारखा बसलो. खोलीत भिंतीवरचं घड्याळ, आणि सुंदराचा श्वास. खांद्यावरचा ओलावा हळूहळू कोमट होत गेला. माझ्या छातीत श्वास साठत गेला आणि मी तो कधीतरी सोडला.

टिक.

"उजवा," सुंदरा म्हणाली. लादीवरचा दाणा तिनं पदरात बांधला, आणि हर्षलाला हाक मारली. "अगं, माझी पिशवी भर. उद्या सकाळी जायचंय."

मी श्वास सोडला म्हणून पडला? की पडणार म्हणून मी श्वास सोडला? की मी खांदा हलवला आणि मलाच कळू दिलं नाही? तेव्हापासून विचारतोय स्वतःला.

८

संध्याकाळी कान्हाचा फोन आला. मी गॅलरीत जाऊन घेतला. आत सुंदरा ऋषिकेशला सांगत होती, "बग, तुझ्या बापाच्या अंगावर कौल दिला तिनं." आणि तो नेहमीसारखा वाद न घालता पिशवीची चेन लावत होता. आई दवाखान्यात येतेय एवढंच त्याला हवं होतं.

"शेठ," कान्हा म्हणाला, "दाना पडला. दुपारीच."

"कुठला?"

"डावा."

नवा तांदूळ. जो धरून राहायला हवा होता तो.

"उजवा अजून हाय," कान्हा म्हणाला. "मला काढायला धीर होत नाय. वैनीला काय सांगू?"

"तू नको सांगूस. मी सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. सांगितलं नाही. सोमवारी आम्ही पनवेलला गेलो. तिला आत नेलं तेव्हा तिनं पदराची गाठ सोडून तो दाणा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घाबरू नका वो, इचारून चाललीय." बाहेरच्या बाकावर मी तो दाणा मुठीत धरून बसलो. कोणाकडे मागावं ते कळेना, म्हणून कोणाकडेच मागितलं नाही. नुसता बसलो.

गाठ निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. सुंदरा आता बरी आहे. जिना चढते, मला बोलते, गवारीला मीठ कमी पडलं की माझ्या तांदळाला दोष देते. देवीला साडी नेसवून आली. ऋषिकेश म्हणतो, बघा, डॉक्टर. ती म्हणते, बघा, देवी. कान्हा काहीच म्हणत नाही. तिला देवळात आलेलं बघून त्यानं मान खाली घातली, साडीनं आधी देवीचा उजवा खांदा झाकला आणि नारळ फोडला. डावा पडला होता हे त्याला माहीत आहे, आणि आता काय होतं याची तो अजून वाट बघतोय.

मीही बघतोय. माझ्या खांद्यावरचा डावा दाणा पडलेला नाही. साबणानं जात नाही, नखानं निघत नाही. हर्षलानं एकदा सदऱ्यावर ओला डाग बघून विचारलं, मी म्हणालो घाम. थंडी पडली तरी तो सुकलेला नाही. राहिलेला दाणा ज्यानं कौल लावला त्यानंच काढायचा असतो. दुपारी डोळे मिटून बसतो. अजून कोणी आलेलं नाही. आणि माझा होकार कशाला गेला, हे विचारायला मी कुठल्या दगडापुढं बसू, तेही मला कळत नाही.

तुम्ही ही हकिकत कोणाला तरी सांगालच. माणूस आहात. देव मानणारा असाल तर सुंदराचा उजवा दाणा सांगाल आणि कान्हाचा फोन गाळाल. न मानणारा असाल तर फोन सांगाल, डॉक्टरीण सांगाल, आणि माझा खांदा गाळाल. जो तो आपल्या सोयीचं तेवढंच जमेला धरतो. मीही तिच्यापासून एक फोन लपवून बसलोच आहे. एवढंच मागणं आहे तुमच्याकडे: पटलेलं आणि न पटलेलं दोन्ही मांडा, मोठं कुठलं ते ठरवू नका, आणि बेरीज येत नसेल तर येत नाही असं लिहा. हिशेब तेवढा खरा ठेवा.